काळी दोनचा तळहात

शालनबाईंनी तिसरी भाकरी थापायला घेतली आणि पुढच्या खोलीतली हातोडी थांबली.

हातोडी थांबणं ही होनमोऱ्यांच्या घरात साधी गोष्ट नव्हती. अण्णाप्पा होनमोरे मिरजेत तबल्याच्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, मढवायचे. सकाळी सातला त्यांची हातोडी सुरू झाली की ती थांबवायला एक तर भूकंप लागायचा, नाही तर चहा. भूकंप झाला नव्हता आणि चहा होऊन गेला होता.

"शालन," अण्णाप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "परात बदललीस?"

"न्हाई."

"पीठ?"

"तेच की. का हो?"

"भाकरी वर लागलीय."

"वर कुठं? अजून तव्यावर टाकली न्हाई मी."

"सुरात म्हणतोय. पस्तीस वर्षं तुझी भाकरी थापताना काळी दोनला लागते. आज काळी पाच लागली."

पेटीच्या पट्ट्या ज्यांना ठाऊक नाहीत त्यांनी एवढंच समजावं, की काळी दोन म्हणजे जिन्याची खालची पायरी आणि काळी पाच म्हणजे जवळजवळ गच्ची. शालनबाईंनी परातीत पाहिलं. भाकरीला कडेनं चिरा गेल्या होत्या. मग त्यांनी आपला तळहात पाहिला. तो लखलखत होता. रेषा पुसट झाल्या होत्या. आयुष्यरेषा तर मनगटापर्यंत पोचायच्या आधीच दिसेनाशी झाली होती. त्यांनी मूठ वळून पाहिली. वळली, पण अर्धी. उघडून पाहिली, तीही अर्धीच.

"आता काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"आता काही न्हाई," अण्णाप्पा म्हणाले. "आता तू गप बसलीयस. तेच जास्त वाईट."

हे सगळं कशानं झालं ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

दोन हजार एक्केचाळीस सालापर्यंत अवघा मुलूख हलका झाला होता. वजन उतरवायचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात महिन्याला एक फुकट मिळत होतं. जिलब्यांच्या पैजा बंद पडल्या. लग्नात आग्रह करणाऱ्याकडे लोक दयेनं पाहू लागले. शालनबाईही एकशे अठरा किलोंवरून दीड वर्षात चौसष्टवर आल्या. साखर गेली, रक्तदाब गेला, गुडघे परत वाकू लागले. पण चोपन्न किलो गेले तरी त्यांचं वेष्टण मागंच राहिलं. दंडाला झोळ, पोटाला घडी, मांड्यांना झालर. उन्हाळ्यात घड्यांखाली कातडी लाल व्हायची, पावडरचा डबा आठवड्यात संपायचा. कपडे वाळत घालताना दंड वाऱ्याच्या दिशेनं हलायचे. शालनबाईंना लाज अशी वाटत नव्हती. पण दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचं अंग घालून फिरल्यासारखं वाटायचं, आणि ते परत द्यायचं तर कुणाला, ते कळत नव्हतं.

त्यात त्यांचा धंदा बाळं न्हाऊ घालण्याचा. तीस वर्षं, दोन हजारांच्या वर बाळं. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळ मांड्यांवर आडवं घ्यायचं, कोमट तेलानं मालिश, मग ऊन पाणी, मग धुरी. मिरजेतले निम्मे वकील, तीन नगरसेवक आणि एक फौजदार त्यांच्या मांडीवर उघडे पडून रडले होते, त्यामुळं गावात त्यांना कुणाचीच भीती वाटत नसे. अडचण एवढीच, की मालिश करताना दंडाचा झोळ बाळाच्या तोंडावर यायचा. एका बाळानं तर तो दूध समजून धरला होता.

म्हणून सानिकानं, त्यांच्या लेकीनं, पुण्याहून 'सुताण'चा डबा आणला. सानिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"आई, हे लाव. बाळ यायच्या आत तुझे दंड आवरतात बघ."

सुताण हा लेप होता. डब्यात एक फिरकीची बाटली, कातडीचा ताण मोजायचं एक यंत्र, आणि दोन हातमोजे. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'हातमोजे घालूनच, बोटाच्या टोकानं, पातळ थर द्यावा. चोळू नये.'

आता तीस वर्षं मालिश करणाऱ्या बाईला 'चोळू नये' म्हणणं म्हणजे न्हाव्याला 'कापू नये' म्हणण्यासारखं आहे. शालनबाईंनी हातमोज्यांकडे पाहिलं.

"मोजे घालून कधी तेल मुरतं का? मोज्यालाच मुरायचं ते."

हातमोजे त्यांनी अण्णाप्पांना दिले. पुडीला काळी शाई लावताना ते फार उपयोगी पडले. आणि सुताण त्यांनी तळहातावर ओतून, दोन्ही हातांनी, मनगटाकडून खांद्याकडे, रोज अर्धा तास असा काही मुरवला, की तीन आठवड्यांत दंड विशीतल्या पोरीसारखे झाले. दंडांचं काम चोख झालं. फक्त तेवढाच लेप तळहातांनीही प्याला होता.

डॉक्टर आसिम मुजावर कातडीचे डॉक्टर होते. तीस वर्षांचे, गंभीर चेहऱ्याचे, चष्मा सारखा वर करणारे. शालनबाई आत आल्या तसे ते उठून उभे राहिले, कारण त्या काय बोलणार ते त्यांना माहीत होतं आणि दार उघडं होतं.

"बस रे," शालनबाई म्हणाल्या. "तू माझं सातवं बाळ. पाठीला हात लागला की साडीवर पोच द्यायचास. एक दिवस चुकला न्हाईस."

"काकी, बाहेर पेशंट आहेत."

"त्यातले दोघं माझेच आहेत. त्यांनीबी दिलीय."

डॉक्टरांनी तळहात पाहिला, भिंगातून पाहिला, हातमोज्यांचं काय झालं ते ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"काकी, कातडीच्या आत बारीक पेशी असतात. गवंडी समजा. कातडी किती ताणलेली हवी हे त्या सतत चाचपत असतात आणि त्याप्रमाणं धागे विणतात, सैल करतात. माणूस जाड होतो तेव्हा त्या हळूहळू जास्त कापड विणतात. बारीक होतो तेव्हा मात्र जास्तीचं कापड उसवायला त्यांना कुणी सांगत नाही. सुताण तेच सांगतो. 'एवढा ताण म्हणजे बरोबर, तोवर आवळा.' आणि मग त्या तेवढा ताण धरून ठेवतात. दीड वर्ष."

"मग तळव्यावर काय बिघडलं?"

"हुकूम दंडाचा होता. दंडाला वळायचं नसतं, मिटायचं नसतं. तळहाताला दोन्ही करायचं असतं. तुमच्या तळहाताला आता वाटतंय, की आपण दंड आहोत."

"आणि बाळाला काय वाटंल?"

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. "बाळाच्या कातडीत काही मज्जातंतू असे असतात, की ते फक्त हळू, उबदार, मऊ हाताला जागे होतात. तोच हात त्यांना आईसारखा वाटतो. तुमचा हात उबदार आहे. मऊ नाही. बाळाला पाटीवर चोळल्यासारखं वाटेल."

शालनबाई तळहाताकडे बघत राहिल्या. सानिकाला सव्वा महिना उरला होता. दोन हजार बाळं दुसऱ्यांची. हे पहिलं घरचं.

"उतारा सांग."

"कंपनी म्हणते, दीड वर्ष थांबा."

"कंपनीला न्हाऊ घातलं न्हाई मी. तू सांग."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं एक गरोदर बाई रिक्षातून उतरत होती. बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले.

"एक गोष्ट आहे," ते म्हणाले. "ह्या गवंड्यांना जोरात ओढलं, की ते आणखी आवळतात. पण ऊब असली आणि ओढ अगदी हळू, रोजच्या रोज असली, तर त्यांना पत्ता लागत नाही आणि ते सोडत जातात. गरोदर बाईचं पोट असंच तर वाढतं. नऊ महिने कुणी घाई करत नाही. कोमट तेलानं कुणी तुमच्या तळहातांना रोज दोन वेळा हळू मालिश केली तर... पुस्तकात नाही हे. पण बसावं हिशोबात."

"मालिश करणाऱ्या बाईला मालिश," शालनबाई म्हणाल्या. "आणि करणार कोण? गावात ते येतं एकीलाच."

"काकांना शिकवा."

शालनबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाहेरचे दोन्ही पेशंट दचकले.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सानिकाच्या सासूबाई, मृणालिनीताई, त्याच दिवशी पुण्याहून फोनवर आल्या. सानिकानं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"शालनताई, काही काळजी करू नका हं. मी इथल्या संस्थेतून प्रमाणित शिशुस्नान-तज्ज्ञ घेऊन येते. तिच्याकडे तीन प्रशस्तिपत्रं आहेत."

"बाळं किती आहेत?"

"म्हणजे?"

"काही न्हाई." शालनबाईंनी क्षणभर विचार केला. "विहीणबाई, तुमच्या बाईला आणा. दारात बसवा. माझा हात काळी दोनला आला तर मी न्हाऊ घालीन. न्हाई आला तर बाळाच्या अंगाला मी तळवा लावणार न्हाई. माझं मलाच चालायचं न्हाई ते."

"काळी दोन म्हणजे?"

"ते आमचे मालक सांगतील."

आमचे मालक पहिल्या दिवशी पाटावर समोरासमोर बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बारावीचा पेपर होता. पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोचा हात हातात घेतला होता तो दोनदा: एकदा लग्नात भटजींच्या सांगण्यावरून आणि एकदा कृष्णेच्या घाटावर ती घसरली तेव्हा. शालनबाईंनी वाटीतलं तेल त्यांच्या बोटांवर ओतलं.

"अंगठ्यानं. मधून बाहेर. हळू."

अण्णाप्पांनी अंगठा टेकवला आणि गाईच्या चामड्याची वादी ओढतात तसा ओढला.

"अहो! तबला न्हाई तो!"

"सवय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तर्जनीनं तिच्या तळहातावर टिचकी मारली, कान जवळ नेला आणि मान हलवली. "काळी पाचच्याबी वर गेला."

"डॉक्टर म्हणालाच होता. ओढलं की आवळतंय." शालनबाईंनी नवऱ्याचा हात उलटा धरला आणि त्याच्या मनगटावर स्वतःच्या आखडलेल्या बोटानं दाखवलं. "असं. मुंगी चालती तेवढं. 'शालन' म्हणायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात एक बोट पुढं. मनात म्हणायचं. तोंडानं नको, चहा मागताय असं वाटतंय."

अण्णाप्पा मनात म्हणत राहिले. आठव्या दिवशी तळहात काळी पाचवर परत आला. बाराव्या दिवशी पांढरी सहा. सोळाव्या दिवशी काळी चार. डॉक्टर मुजावरांनी डब्यातलं ताण मोजायचं यंत्र लावून पाहिलं, तर ते तळहातावर चालेना. त्याला फक्त दंड, पोट आणि मांडी ठाऊक. दंडावर मात्र यंत्राचा आकडा आणि अण्णाप्पांची टिचकी शेजारी मांडून पाहिली, तर दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. त्यानंतर डॉक्टर रोज सकाळी फोन करून विचारू लागले, "काका, आज काय लागलं?" आणि लिहून घेऊ लागले. आपल्या शास्त्रीय निबंधात 'मोजमापाची पद्धत' या मथळ्याखाली काय लिहायचं, ही काळजी त्यांनी पुढं ढकलली.

"पूर्वी कधी असं बसला न्हाईत," एका दुपारी शालनबाई म्हणाल्या.

"तू कधी सांगितलं न्हाईस."

"बाळांनीबी कुठं सांगितलं होतं?"

त्या दिवशी मालिश दहा मिनिटं जास्त झाली आणि एका तबलजीची पुडी एक दिवस उशिरा गेली. मिरजेच्या इतिहासात ही पहिलीच वेळ.

काळी तीन लागली तेव्हा बोटं पाऊण मिटू लागली होती. हिशोबानं अजून दहा दिवस हाताशी होते. पण हिशोब बाळाला कुणी कळवला नव्हता. सानिकाची कळ नऊ दिवस आधीच सुरू झाली आणि मुलगी झाली. दवाखान्यातून मायलेकी घरी आल्या त्या सकाळी अण्णाप्पांनी टिचकी मारली, दोनदा मारली.

"पांढरी चार."

"म्हणजे किती राहिलं?"

"दोन सूर."

मृणालिनीताई सकाळच्या गाडीनं हजर झाल्या. सोबत निळ्या गणवेशातली शिशुस्नान-तज्ज्ञ, थर्मामीटर, घडीचा टब. बिचारी गुणी पोरगी होती. तिनं शालनबाईंना वाकून नमस्कार केला आणि न्हाणीघराबाहेरच्या खुर्चीवर बसली. मृणालिनीताईंनी स्वतः गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळं सुताणनं आवळून घेतलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांचं अंग नव्या कॅरमबोर्डासारखं दिसत होतं. त्यांनी नातीला कौतुकानं मांडीवर घेतलं, तर ती सोंगटीसारखी घसरत गुडघ्यापर्यंत गेली. सानिकानं झेल घेतला.

न्हाणीघरात पुरुषांना मज्जाव. अण्णाप्पा पुढच्या खोलीत पुडी घेऊन बसले, पण हातोडी उचलली नाही.

शालनबाईंनी पाट मांडला, साडी खोचून पाय लांब केले. पाण्यात कोपर घालून पाहिलं. सानिकानं बाळ मांड्यांवर ठेवलं. बाळ जरासं हललं आणि सैल कातडीत रुतलं, दोन्ही बाजूंनी घडी वर आली, आणि पोरगी झोळीत निजल्यासारखी स्थिर झाली. शालनबाईंनी हे पाहिलं. दोन हजार बाळांत कधी ध्यानात आलं नव्हतं; अलीकडं लक्ष सगळं दंडाच्या झोळाकडं असायचं. आणि आधी मांड्या भरलेल्या होत्या, बाळं त्यांच्यावर असायची. ही आत होती.

त्यांनी तेल घेतलं आणि तळहात बाळाच्या पाठीवर टेकवला.

बाळाचं तोंड चुरगळलं. खालचा ओठ बाहेर आला.

शालनबाईंनी हात उचलला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई बसला अजून."

सानिका रडवेली झाली. "आई, थोडंसं रडलं तर काय होतंय गं? सगळी बाळं रडतात."

"पाण्याला रडतात. हाताला न्हाई."

दारात उभ्या मृणालिनीताई हळूच म्हणाल्या, "मग बोलावू का तिला?" त्यांच्या आवाजात विजय नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

शालनबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी हात उलटे केले. मागच्या बाजूला लेपाचा थेंब गेला नव्हता. चोळणारा हात तळव्यानं चोळतो; हाताच्या पाठीला काही मिळत नाही. तिथं चोपन्न किलोंची सगळी सैल कातडी अजून तशीच पडून होती: सुरकुतलेली, मऊ, चिमटीत धरली तर वर येणारी आणि सावकाश खाली बसणारी.

"विहीणबाई, मी काय बोलले होते? तळवा लावणार न्हाई. बरोबर?"

"हो."

"मग न्हाईच लावत."

त्यांनी तेल हातांच्या पाठीवर घेतलं आणि उलट्या हातांनी बाळाच्या मणक्यावरून खाली आल्या. मुंगी चालते तेवढ्या वेगानं. महिनाभर हा वेग स्वतः सोसल्यामुळं तो आता त्यांना बाळाच्या बाजूनंही माहीत होता. चुरगळलेलं तोंड उलगडलं. ओठ आत गेला. मग बाळानं एक लांब सुस्कारा टाकला आणि शालनबाईंच्या साडीवर सविस्तर पोच दिली.

"बसा आता," शालनबाई मृणालिनीताईंना म्हणाल्या. "पाणी घाला. तांब्या तिथं आहे. हळू."

विहीणबाईंनी टाचांवर बसून पाणी घातलं. बाहेरच्या पोरीनं दाराच्या फटीतून मान आत घातली आणि वहीत काहीतरी लिहून घेऊ लागली.

"शालनताई," पाणी घालता घालता मृणालिनीताईंनी विचारलं, "बाकीचंही करून घेणार ना? पोट, मांड्या?"

"पोटाचं करीन. उन्हाळ्यात फार सोलतंय. मोजे घालून करीन."

"आणि मांड्या?"

"मांड्या राहू द्या. त्या आत्ता कुठं कामाला लागल्यात." त्यांनी बाळाला उताणं केलं. "आसिमला कळवायला पाहिजे. त्याच्या सुताणच्या फॉर्मात 'मांड्या वगळून' असा रकाना नसंल. घालू दे एक."

शेवटचा तांब्या झाला. बाळ पंच्यात गुंडाळलं गेलं, लालबुंद, झोपेला आलेलं. शालनबाईंनी दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावरून ओवाळले आणि दृष्ट काढायला बोटं आपल्या कानशिलांवर नेली. महिनाभर ही बोटं पुरती मिटतच नव्हती, मोडणार कशी? त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

कड. कड, कड. कडकड. मग दुसऱ्या हाताची.

शालनबाईंनी डोळे उघडले.

"आठ," पुढच्या खोलीतून आवाज आला.

"काय आठ?" मृणालिनीताईंनी दचकून विचारलं.

"बोटं," अण्णाप्पा म्हणाले. "दोन राहिली. येतील."

आणि हातोडी सुरू झाली.